दिव्याची तार दिवसा बंद असते का?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे : या अंकाचा विषय – पालिकेचा वायरमन

रस्त्यावर दिवे लावणे हे महाराष्ट्रातल्या नगरपालिका-महानगरपालिकांचे बंधनकारक काम आहे. १९४९ चा महानगरपालिका अधिनियम आणि १९६५ चा नगरपरिषद अधिनियम, दोन्हींत ते तसे नोंदवलेले आहे. हे काम खांबावर चढून करतो तो वायरमन. त्याच्या कामाबद्दल आणि पात्रतेबद्दल आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

मुलगा यंदा दहावी पास झाला. पालिकेत वायरमन व्हायचं म्हणतो. आयटीआयला 'वीजतंत्री' घ्यावं की 'तारतंत्री'? नुसत्या आयटीआयवर भागतं का?
– एक पालक, बार्शी

दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे आहेत आणि वायरमनच्या जाहिरातीत बहुधा दोन्ही चालतात. तरीही दहावी झालेल्या मुलाने वीजतंत्री घ्यावा असे आमचे मत आहे. तारतंत्रीत भर वायरिंगवर असतो. वीजतंत्रीत त्याशिवाय मोटर, स्टार्टर, ट्रान्सफॉर्मर आणि मोजमापाची उपकरणे जास्त खोलात जाऊन शिकवतात. पालिकेत याचा उपयोग रोज होतो, कारण तिथला वायरमन फक्त दिवे सांभाळत नाही. पाणीपुरवठ्याचे पंपहाऊस, दवाखान्याचा जनरेटर, नाट्यगृह, बाजार, विसर्जन घाटावरची तात्पुरती रोषणाई, सगळे त्याच्याच अंगावर असते. पंपाची मोटर आधी कमी दाबावर (स्टार) आणि मग पूर्ण दाबावर (डेल्टा) चालवणारा स्टार-डेल्टा स्टार्टर रात्री स्टारमध्येच अडकून राहिला तर सकाळी अर्ध्या गावाला पाणी नसते.

तारतंत्रीला आठवी पासवरही प्रवेश मिळतो. पण नोकरीच्या जाहिरातीत सहसा दहावी मागतात, त्यामुळे आठवीनंतर गेलेल्या मुलाने दहावी बाहेरून का होईना पूर्ण करावी. अर्ज भरण्याच्या दिवशी हे ध्यानात येणारी मुले दरवर्षी असतात.

आयटीआयचे प्रमाणपत्र राष्ट्रीय परिषदेचे, म्हणजे एनसीव्हीटीचे आहे का ते प्रवेश घेतानाच विचारा. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी करा. ती महावितरणमध्ये, पालिकेत किंवा एखाद्या कारखान्यात करता येते. जमलेच तर वितरण कंपनीत करा. कारखान्यातली उमेदवारी वाईट नाही, पण तिथे खांब, लाइन आणि परमिट (लाइन बंद करून काम करण्याची लेखी परवानगी) यांच्याशी संबंध येत नाही. उमेदवारी संपल्यावरची परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवा. नुसते 'काम केले' असे पत्र वेगळे आणि हे प्रमाणपत्र वेगळे.

तिसरी गोष्ट वायरमन परवाना. तो राज्य शासनाचे अनुज्ञापक मंडळ देते. याच मंडळाकडून पुढे सुपरवायझरचे प्रमाणपत्र आणि ठेकेदाराचा परवाना मिळतो. काही पालिका जाहिरातीतच परवाना मागतात, काही मागत नाहीत. पण नोकरी लागेपर्यंत परवानाधारक ठेकेदाराकडे काम करायचे झाले तर तो लागतोच. त्याशिवाय मराठी लिहिता-वाचता येणे आणि बऱ्याच ठिकाणी एमएस-सीआयटी.

आणि आयटीआयचा फॉर्म भरण्याआधीच मुलाचे डोळे तपासा. लाल, पिवळी आणि निळी फेज (वीज आणणाऱ्या तारा), काळी न्यूट्रल (परतीची तार) आणि हिरवी अर्थ (जमिनीला जोडलेली तार) या रंगांत गोंधळ होत असेल तर हे काम त्याच्यासाठी नाही. उंचीची भीती सरावाने जाते, रंगांधळेपणा जात नाही.

आमच्या दारातला खांब महावितरणचा की पालिकेचा? दिवा गेला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. आणि दोन्हीकडच्या वायरमनची नोकरी एकच का?
– एक वाचक, संगमनेर

ज्या खांबावरून घरांना सर्व्हिस वायर जाते तो खांब आणि त्यावरच्या तारा महावितरणच्या. त्याच खांबाला अडकवलेली दिव्याची फिटिंग आणि तिचे बिल पालिकेचे. मधल्या दुभाजकावरचे किंवा बागेतले लोखंडी अष्टकोनी खांब, ज्यांना जमिनीखालून केबल येते, ते बहुधा पूर्णपणे पालिकेचे. एक दिवा गेला असेल तर पालिकेत तक्रार करा. दिव्याबरोबर घरातलीही वीज गेली असेल किंवा तार तुटली असेल तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवा. तक्रारीत खांबावर रंगवलेला नंबर सांगितलात तर वायरमनचा एक फेरा वाचतो.

नोकरी एक नाही. २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण ही वेगळी कंपनी झाली. तिथे सुरुवात 'विद्युत सहायक' या पदावर होते. ठरावीक काळ मानधनावर काढल्यावर 'तंत्रज्ञ' म्हणून नेमणूक मिळते. काम ११ केव्ही (११,००० व्होल्ट) लाइन, डीपी (गल्लीतला ट्रान्सफॉर्मर आणि त्याची फ्यूजपेटी), मीटर, वसुली असे असते. पालिकेचा वायरमन पालिकेच्या आस्थापनेवर असतो आणि त्याचे काम मुख्यतः ४१५ व्होल्टच्या खालचे.

मुंबई शहरात मात्र चित्र निराळे आहे. १९०५ मध्ये स्थापन झालेली वीज आणि ट्रामची कंपनी ७ ऑगस्ट १९४७ रोजी पालिकेच्या ताब्यात आली. तेव्हापासून कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचे वीज वितरणच पालिकेच्या उपक्रमाकडे, म्हणजे बेस्टकडे आहे. तिथे वीज जमिनीखालून केबलने जाते. खांबावर चढण्यापेक्षा खड्ड्यात बसून केबलचा जोड मारण्याचे कसब तिथे जास्त लागते.

ठेकेदाराकडे पालिकेच्या दिव्यांच्या कामावर मदतनीस म्हणून दोन महिने झाले. दिवसा दिव्याची तार बंदच असते, मग एक फिटिंग बदलायला डीपी बंद करून परमिट कशाला घ्यायचं? मुकादम म्हणतो, उगाच वेळ जातो.
– एक मदतनीस, कराड

दिवसा दिवे बंद असतात. तार बंद असते असे मात्र नाही. तुमच्या प्रश्नाला आम्ही मुद्दाम सर्वांत जास्त जागा देत आहोत.

आपल्याकडच्या लघुदाबाच्या खांबावर साधारण पाच तारा असतात. तीन फेज, एक न्यूट्रल आणि पाचवी दिव्यांची फेज. टायमर बंद करतो ती फक्त पाचवी. बाकीच्या तीन चोवीस तास चालू असतात आणि फिटिंगचा बोल्ट सोडवणाऱ्या माणसाचे कोपर त्यांच्यापासून हातभर अंतरावर असते.

पाचवीचाही भरवसा धरू नका. जिथे फोटोसेल (अंधारले की दिवे लावणारे उपकरण) आहे तिथे जुलैत दाटून आले की भर दुपारी दिवे लागतात. कॉन्टॅक्टरची (टायमरच्या इशाऱ्यावर दिवे चालू-बंद करणाऱ्या स्विचची) कॉइल जळाली म्हणून कुणीतरी तो बायपास करून तार थेट जोडून ठेवलेली असते. त्या ओळीतले दिवे आधीच गेलेले असतील तर तार चालू असल्याचे खालून कुणालाच कळत नाही. दिवे गेले आहेत म्हणून तुम्ही वर चढता आणि ते चालू तारेवरच बंद पडलेले असतात.

वॉर्डाच्या सीमेवर आणखी एक प्रकार हमखास सापडतो. खांब एकच, पण घरांच्या तारा एका डीपीवरून आणि दिव्यांची तार दुसऱ्या डीपीवरून आलेली. एक डीपी बंद केली की माणूस निर्धास्त होतो.

उलटा पुरवठा हा सगळ्यांत फसवा. गणपतीत किंवा लग्नसराईत मंडपाचा जनरेटर चेंजओव्हर स्विच (लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडू देणारा) न लावता थेट बोर्डाला जोडला की वीज सर्व्हिस वायरमधून खांबावर येते. ती तिथेच थांबत नाही. डीपीतला ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४३३ करतो, तसाच उलट बाजूने आलेल्या विजेचा दाब त्याच पटीत, म्हणजे पंचवीस पट वाढवतो. त्यामुळे ११ केव्ही लाइन बंद करून तिच्यावर चढलेला माणूसही यात सापडतो.

आणि न्यूट्रल. 'न्यूट्रलला हात लावला तर काही होत नाही' हे वाक्य विसरा. न्यूट्रलचा जोड सोडवला की पुढच्या दिव्यांमधून आलेली फेज त्या सुट्या टोकावर उभी राहते. दोन टोके दोन हातांत धरलेला माणूस त्या क्षणी स्वतःच न्यूट्रल होतो.

म्हणून क्रम असा. महावितरणच्या शाखा कार्यालयातून किंवा उपकेंद्रातून लेखी परमिट घ्या. त्यावर डीपीचा नंबर, कामाची जागा, वेळ आणि घेणाऱ्याचे नाव हवे. डीपी बंद करून वितरण पेटीतले किटकॅट फ्यूज काढा आणि फ्यूजचे कॅरिअर सोबत घेऊन या. पेटीत ठेवलेला फ्यूज दुसरा माणूस पाच मिनिटांत बसवतो, तुमच्या पिशवीतला कुणी बसवू शकत नाही. पेटीला कुलूप आणि 'माणसे काम करत आहेत' ही पाटी लावा. दिव्यांच्या फीडर पिलरमध्येही (दिव्यांच्या ओळीला वीज देणाऱ्या रस्त्यावरच्या पेटीत) हेच करा. टायमर नुसता 'ऑफ' वर ठेवणे म्हणजे बंद करणे नव्हे, एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) खाली पाडून पिलरला कुलूप हवे.

मग तपासणी. टेस्टर आधी चालू जागेवर लावून बघा, मग कामाच्या तारांवर, आणि परत चालू जागेवर. बिघडलेला टेस्टर 'वीज नाही' हेच सांगत असतो, म्हणून तीनदा. निऑनचा पेचकस-टेस्टर यासाठी चालत नाही. लाकडी शिडीवर गमबूट घालून उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून जमिनीला वाट मिळत नाही, त्यामुळे तार चालू असूनही तो पेटत नाही. दोन टोकांचा टेस्टर वापरा. पाचही तारा न्यूट्रलशी, एकमेकींशी आणि जमिनीशी तपासा.

त्यानंतर शॉर्ट करून अर्थिंग. आधी अर्थच्या टोकाचा क्लॅम्प जमिनीच्या बाजूला घट्ट, मग न्यूट्रल, मग एकेक फेज, तीही अर्थिंग रॉडने, हाताने नाही. दोन्ही बाजूंनी पुरवठा येऊ शकत असेल तर कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करा. काढताना क्रम उलटा, जमिनीचे टोक सर्वांत शेवटी. एवढे झाल्यावर कुणी जनरेटर लावला किंवा चुकून डीपी चालू केली, तरी फ्यूज उडेल आणि माणूस वाचेल.

शिडी बांबूची किंवा फायबरची घ्या, अ‍ॅल्युमिनियमची नको. ८ मीटरचा सिमेंटचा खांब दीड मीटर पुरलेला असतो, वर साडेसहा उरतात. शिडीचे टोक ६ मीटरवर टेकले तर पाय खांबापासून दीड मीटरवर हवेत, म्हणजे चारास एक. जुना लोखंडी खांब असेल तर चढण्याआधी जमिनीलगतची माती चार बोटे उकरून बघा, गंज नेमका तिथेच खातो. आणि वर ११ केव्ही लाइन जात असेल तर हायड्रॉलिक गाडीची बकेट उचलण्याआधी ती लाइनही परमिटमध्ये घ्या.

परमिट ज्याने घेतले त्यानेच, सगळी माणसे खाली उतरली आणि अर्थिंग निघाले हे मोजून, परत करायचे. 'चार वाजता चालू करा' असे वेळेवर कधीही ठरवू नका. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास लागतो. मुकादमाला सांगा, एका खांबासाठी तो जास्त वाटतो हे खरे, म्हणून एकाच परमिटवर त्या डीपीवरच्या दहा फिटिंगची कामे एकत्र काढा.

दुभाजकावरच्या ओळीत कधी सगळे दिवे जातात, कधी अर्धे, कधी प्रत्येक तिसरा. प्रत्येक वेळी केबल उकरायला सांगतात. शोधायची पद्धत काय?
– पालिकेचे एक वायरमन, परभणी

दिवे कसे गेले आहेत हे पाहिल्याशिवाय कुदळ उचलूच नका. गेलेल्या दिव्यांची रांगच दोष कुठे आहे ते सांगते.

सगळी ओळ गेली असेल तर फीडर पिलरपाशी या. येणाऱ्या बाजूला फेज ते न्यूट्रल २३०, फेज ते फेज ४०० ते ४१५ व्होल्टच्या आसपास मिळतात का बघा. मिळत असतील तर टायमर. बराच वेळ वीज गेल्यावर आणि आतली बॅटरी उतरलेली असल्यावर त्याचे घड्याळ चुकते, मग दिवे सकाळी लागून संध्याकाळी विझतात. अ‍ॅस्ट्रो टायमर अक्षांश-रेखांशावरून सूर्यास्ताची वेळ काढतो, त्यात तारीख चुकली तरी हाच परिणाम. टायमर ठीक असेल तर कॉन्टॅक्टर. कॉइलला २३० व्होल्ट मिळून तो ओढत नसेल तर कॉइल उघडी पडली आहे. घूं-घूं करत असेल तर दाब कमी आहे किंवा तोंडावर धूळ-मुंग्या आहेत. ओढतो पण पुढे वीज नाही, तर कॉन्टॅक्ट जळाले आहेत.

प्रत्येक तिसरा दिवा गेला, तर एक फेज गेली आहे. दिवे लाल-पिवळी-निळी असे आळीपाळीने जोडलेले असतात ते यासाठीच, म्हणजे एक फेज गेली तरी रस्ता पूर्ण अंधारात जात नाही. पिलरमधला त्या फेजचा एमसीबी बघा.

एका खांबापर्यंत दिवे चालू आणि पुढे अंधार असेल, तर शेवटच्या पेटत्या खांबाची जंक्शन पेटी उघडा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो, केबलमध्ये नसतो. केबल अ‍ॅल्युमिनियमची आणि टर्मिनल पितळेचे. अ‍ॅल्युमिनियम गरम-थंड होताना दबून सैल होते, त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, जोड तापतो, आणखी सैल होतो आणि शेवटी जळतो. केबलची दोन इंच टोके कापून, घासून, योग्य मापाची लग (टोकावरची धातूची टोपी) क्रिंप करा, म्हणजे यंत्राने दाबून बसवा. तांब्याला जोडायचे असेल तर बायमेटल (दोन धातूंची) लग वापरा. पक्कडने चेपलेली लग वर्षभर टिकत नाही. कोकणात तर खाऱ्या हवेमुळे पहिल्या पावसाळ्यातच जाते.

एमसीबी चढवताच पडत असेल तर शॉर्ट आहे. वीस खांबांची ओळ असेल तर दहाव्या खांबावर केबल सोडवा. पिलरकडची बाजू ठीक निघाली तर दोष पुढच्या दहात आहे, मग पंधराव्यावर सोडवा. चार-पाच ठिकाणी उघडून दोष दोन खांबांच्या मध्ये आणता येतो आणि खोदाई तीस मीटरवर येते. तपासणी ५०० व्होल्टच्या मेगरने (केबलच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) करा, पण त्याआधी प्रत्येक खांबातला एमसीबी पाडून दिवे वेगळे करा. एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये (दिव्याला योग्य वीज देणाऱ्या सर्किटमध्ये) आणि सर्ज प्रोटेक्टरमध्ये (अचानक वाढलेला दाब अडवणाऱ्या भागात) मेगरची वीज गेली तर आकडा चुकीचा येतो आणि ड्रायव्हरही जातो. सोडियम दिव्यांच्या दिवसांत चोक आणि इग्नायटर ही सवय माफ करत असत, एलईडी करत नाही.

एकच दिवा गेला तर पेटीतला ६ अ‍ॅम्पिअरचा एमसीबी, मग खांबातून वर जाणारी वायर, मग ड्रायव्हर. दिवा बंद केल्यावरही काजव्यासारखा मिणमिणत असेल तर फेजऐवजी न्यूट्रल तोडली गेली आहे. हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही. बंद दिसणारी ती फिटिंग पूर्ण चालू आहे.

मागच्या महिन्यात गल्लीतल्या काही घरांत बल्ब फुटले, टीव्ही जळाला. त्याच वेळी शेजारी पंखा फिरेना. वायरमन म्हणाला 'न्यूट्रल गेली'. न्यूट्रलमध्ये तर वीज नसते ना?
– एक गृहिणी, मालेगाव

वायरमनचे म्हणणे बरोबर आहे. तुमचे घर एका फेजवर, शेजारचे दुसऱ्या फेजवर, आणि दोघांची परतीची वाट एकच न्यूट्रल. ती डीपीपाशी तुटली की दोन्ही घरे एकापाठोपाठ एक जोडल्यासारखी दोन फेजमध्ये अडकतात आणि ४१५ व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. समान नाही, उलट्या प्रमाणात.

एका घरात १,००० वॉटची इस्त्री चालू आहे आणि दुसऱ्यात २०० वॉटचे दिवे-टीव्ही, असे धरा. इस्त्रीचा रोध साधारण ५३ ओहम, दुसऱ्या घराचा २६५. ज्याचा रोध जास्त त्याच्या वाट्याला दाब जास्त. त्यामुळे २०० वॉटवाल्या घरात सुमारे ३४६ व्होल्ट येतात आणि इस्त्रीवाल्याकडे जेमतेम ६९. ज्याने कमी वीज वापरली त्याचेच जळते.

दिवे अचानक पांढरेफटक पडले किंवा गल्लीत काही घरांत तेज आणि काही घरांत मंद असे दिसले, तर पहिल्यांदा मेन स्विच पाडा आणि मग १९१२ ला कळवा. वायरमनने न्यूट्रलचा जोड फेजपेक्षा पक्का करायला हवा. तिच्यावर फ्यूज किंवा एकेरी स्विच कधीही घालू नये आणि डीपीवर तिला दोन स्वतंत्र अर्थिंग हवीत.

पावसाळ्यात आमच्या चौकातल्या दिव्याच्या खांबाला झिणझिण्या येतात. गेल्या वर्षी तिथे एक गाय मेली. खांबाला अर्थिंग आहे, एमसीबीही आहे. मग तो पडत का नाही?
– एक दुकानदार, नांदेड

आधी तो खांब आजच बंद करून घ्या. पालिकेत लेखी द्या, खांबाभोवती दोरी बांधा, मुलांना तिकडे जाऊ देऊ नका. गुरे जास्त मरतात कारण त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांतले अंतर मोठे असते, जमिनीतला दाबाचा फरक त्यांना जास्त बसतो आणि प्रवाह छातीतून जातो.

अर्थिंग आहे, पण किती ओहमचे? समजा खांबाजवळच्या रॉडचा रोध ५० ओहम आहे. फेज खांबाला टेकली तर २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अ‍ॅम्पिअर जमिनीत जातील. ६ अ‍ॅम्पिअरचा एमसीबी ते दिव्याचा नेहमीचा भार समजून रात्रभर वाहू देतो. रोध २० ओहमवर आणला तरी साडेअकरा अ‍ॅम्पिअर होतात. सी प्रकारचा एमसीबी झटक्यात पडायला ३० ते ६० लागतात, तेवढ्यावर तो पडायला बराच वेळ घेईल. म्हणजे प्रत्येक खांबाला वेगळा रॉड ठोकून भागत नाही.

उपाय दोन, आणि दोन्ही करायचे. सगळ्या खांबांना जोडणारी सलग अर्थची तार, साधारण ८ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची), पिलरच्या अर्थ पट्टीपर्यंत न्या. पट्टीला न्यूट्रलशी जोडलेली चांगली परतवाट असली की दोषाचा प्रवाह पुरेसा मोठा होतो आणि एमसीबी पडतो. दुसरे, पिलरमध्ये गळती ओळखणारा आरसीसीबी. बऱ्याच पालिकांत तो बसवतात आणि पावसात वारंवार पडतो म्हणून काढून टाकतात. तो वारंवार पडतो याचा अर्थ गळती आहे, तेव्हा गळती शोधा.

खांबात बघायच्या जागा तीन. पेटीचे झाकण गायब झालेले असते आणि पाणी टर्मिनलवर येते. वर जाणारी वायर खांबाच्या भोकाच्या धारेवर घासून सोलली जाते, तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) हवा. आणि पेटी फार खाली असते. जिथे पाणी तुंबते तिथे पेटीची पातळी पुराच्या रेषेच्या वर घ्या. पाइपचे अर्थिंग नवे करणार असाल तर ४० मिलिमीटर व्यासाचा, किमान अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप घाला आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहा. अर्थिंग मे महिन्यात मोजा. जूनमधला आकडा नेहमीच चांगला दिसतो.

मी वीजतंत्री ट्रेड केला आहे. मुलींना खांबाचं काम देतात का? हातमोजे-बेल्ट आमच्या मापाचे मिळत नाहीत.
– एक विद्यार्थिनी, लातूर

देतात. महावितरणमध्ये महिला तंत्रज्ञ आहेत आणि राज्यातल्या भरतीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण असते. शैक्षणिक पात्रता तीच. शिकाऊ उमेदवारीतच खांब चढण्याचा सराव मागून घ्या, 'ऑफिसात बसा' असे म्हणाले तरी.

मापाचा मुद्दा गंभीर आहे, आणि तो फक्त मुलींचा नाही. मोठा हातमोजा बोटांच्या टोकाशी दुमडतो आणि नट सुटेना म्हणून माणूस तो काढून ठेवतो. योग्य माप मागणे हा तुमचा हक्क आहे. मोज्यांवर वर्ग छापलेला असतो. ० वर्गाचे १,००० व्होल्टपर्यंत, ११ केव्हीसाठी २ वर्गाचे, १७,००० व्होल्टपर्यंतचे. २ वर्गाच्या मोज्यांची विद्युत चाचणी सहा महिन्यांच्या आत झालेली असावी, तारीख बघा. दोन्हींची हवेची चाचणी रोज करा. मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडा, कानाशी धरा, सूं आवाज आला तर तो मोजा कापून टाका, म्हणजे दुसरा कुणी उचलणार नाही. रबरावर चामड्याचे वरचे मोजे घालावेत, नुसते रबर तारेच्या टोकाने फाटते. कमरेचा पट्टा घेऊ नका, पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या. कमरपट्ट्यावर लोंबकळलेल्या माणसाचा श्वास कोंडतो. हेल्मेटवर आयएस २९२५ आणि हार्नेसवर आयएस ३५२१ हा शिक्का असावा.

सावंतवाडीत राहतो, आयटीआय झालं आहे. गोव्यात पालिकेत वायरमनची जागा निघते का?
– एक वाचक, सावंतवाडी

गोव्यात वीजपुरवठा थेट सरकारच्या वीज खात्याकडे आहे, रस्त्याचे दिवेही तेच खाते पाहते. त्यामुळे 'लाइन हेल्पर' आणि 'लाइनमन' या जागा त्या खात्याच्या जाहिरातीत शोधा. तिथे साधारणपणे १५ वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणी येणे आवश्यक असते, मराठी येत असल्यास इष्ट मानतात. सिंधुदुर्गात राहणाऱ्याची अडचण दाखल्याचीच होते.

जोडीदाराला खांबावर शॉक बसला तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं? आम्ही ठेक्यावरचे लोक, आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.
– ठेका कामगार, इचलकरंजी

हात लावू नका, आधी वीज तोडा. लघुदाबावर ते जमत नसेल तर कोरड्या बांबूने तार दूर करा. ११ केव्ही असेल तर बांबूही नको, उपकेंद्राला फोन करून लाइन बंद झाल्याशिवाय जवळ जाऊ नका. तार जमिनीवर पडली असेल तर दहा मीटर दूर राहा. आधीच जवळ असाल तर दोन्ही पाय जुळवून, न उचलता, सरकत बाहेर या.

माणूस बेल्टवर लटकलेला असेल तर त्याला लगेच खाली घ्या. यासाठी दोर आणि कप्पी कामाच्या जागी आधीच हवी, अपघातानंतर गाडीत शोधायची नाही. कडक जमिनीवर आडवे करा. हाक मारून हलत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि छाती दाबायला लागा. छातीच्या मधोमध, दोन्ही तळहात एकावर एक, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. ३० दाब झाले की २ श्वास, श्वास देता येत नसेल तर नुसते दाब. दमलात की दुसऱ्याने घ्यावे, दोन मिनिटांनी आळीपाळीने. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. शॉकने हृदयाची लय बिघडते, श्वास थांबतो. पण शरीर तरुण असते आणि दाब सुरू राहिले तर बरेच जण परत येतात.

तोंडावर पाणी मारणे, चप्पल हुंगवणे, मातीत पुरणे यांत वेळ घालवू नका.

कागदांचे काम आधीच करून ठेवा. ठेकेदाराकडून नेमणुकीचे पत्र, पीएफचा यूएएन आणि ईएसआयचा क्रमांक मिळाला आहे का ते आज बघा. ईएसआयच्या संकेतस्थळावर आपले नाव दिसते का तेही तपासा. अपघात झाला तर विद्युत निरीक्षकाला २४ तासांत कळवावे लागते. तपास होईपर्यंत ती जागा, तुटलेली तार, फ्यूज तसेच ठेवा आणि फोटो काढा. परमिट कुणाच्या नावावर होते, त्याची प्रत मागा.

आणि शॉक बसलेला माणूस दोन मिनिटांत उठून 'काही नाही झालं' म्हणाला तरी त्याला दवाखान्यात न्या. वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते तेव्हा आतले स्नायू भाजतात, वर कातडीवर फक्त दोन ठिपके दिसतात. त्यामुळे ईसीजी काढल्याशिवाय आणि लघवी लाल-काळसर होत नाही ना हे तपासल्याशिवाय त्याला घरी सोडू नका.